घटक : स्टिअरिंगमधली हवा काढणे

गाडी कण्हली तेव्हा धाकटे गाडीखाली नव्हते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे गल्लीत अशी बातमी पसरली की धाकटे जॅकखाली सापडले होते आणि तेच कण्हत होते. साफ खोटं. धाकटे चालकाच्या जागी ताठ बसले होते, अंगात इस्त्रीचा शर्ट होता आणि सकाळचे दहा वाजले होते. त्यांनी इंजिन सुरू केलं, स्टिअरिंग डावीकडे वळवलं, आणि पुढून, जाळीच्या आतून, आवाज आला.

"ऊंऽऽह."

खुर्चीतून उठताना गुडघ्यांवर हात टेकून माणूस करतो तसा. त्या घरात असा आवाज एकच माणूस करायचा, आणि तो जाऊन आठ महिने झाले होते.

धाकट्यांनी घाईघाईने इंजिन बंद केलं. स्वयंपाकघराच्या खिडकीत वहिनी उभ्या होत्या. त्यांच्या हातातला पेला हातातच राहिला होता.

"भावजी," त्या म्हणाल्या, "हे उठले का?"

मग आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच कळलं आणि त्यांनी खिडकी लावून घेतली.

धाकट्यांचं वय अठ्ठावन्न. विमा कंपनीत दाव्यांचे कागद तपासून त्यांचे केस गेले. तरी अख्खी गल्ली त्यांना धाकटे म्हणते, कारण त्यांच्या आधी थोरले होते. थोरले शाळामास्तर. डोंगरावरच्या शाळेत जायचं म्हणून त्यांनी ही उंच, चौकोनी, चारही चाकांना जोर असलेली जुनी गाडी घेतली आणि तीस वर्षं वापरली. त्या तीस वर्षांत तिला हात लावायची परवानगी धाकट्यांना दोनदा मिळाली. दोन्ही वेळा पुसायला.

"तुला जमायचं नाही रे," थोरले म्हणायचे. "तू घाई करतोस." रागाने नाही. घड्याळात किती वाजले ते सांगावं इतक्या शांतपणे. राग आला असता तर धाकट्यांना उलट बोलता तरी आलं असतं.

आता गाडीचं भवितव्य शुक्रवारी अकरा वाजता ठरणार होतं. त्या दिवशी वाहन तपासणी होती. पास झाली तर गाडी राहणार, नापास झाली तर शनिवारी भंगारवाला घेऊन जाणार. वहिनींनी स्पष्ट सांगितलं होतं, "दारात उभी राहून गंजताना मला बघवत नाही. चालत असेल तर चालवा, नाही तर जाऊ दे तिला."

गॅरेजवाल्याने स्टिअरिंगची गळकी नळी बदलून दिली आणि हात पुसत म्हणाला, "नळी गळत होती तेव्हाच आत हवा शिरली आहे. ती काढल्याशिवाय आवाज जायचा नाही. पण ते काम म्हणजे बसून राहायचं काम, साहेब. माझ्याकडे रांग लागली आहे. तुमचे मास्तर स्वतःच काढायचे."

"मग मीही काढीन," धाकटे म्हणाले. म्हणून झाल्यावर त्यांना वाटलं, हे कोण बोललं?

हवा म्हणजे काय प्रकरण आहे ते इथेच समजून घेऊ, अवघड नाही. एक पिचकारी घ्या. तिच्यात काठोकाठ पाणी भरा, तोंडावर बोट ठेवा आणि दट्ट्या दाबा. दबणार नाही, कारण पाणी दबत नाही. आता अर्धं पाणी, अर्धी हवा भरा आणि दाबा. दट्ट्या आत जाईल, आणि सोडलात की हलकेच परत येईल, कुणी आतून ढकलल्यासारखा. जुन्या गाडीच्या स्टिअरिंगमध्ये तेल हेच पाणी. त्यात हवा शिरली की स्टिअरिंग कधी जड, कधी पोकळ लागतं, पंप कण्हतो, आणि माणसाचं मन नको तिकडे जातं. हवा बाहेर काढायची तर पुढची चाकं उचलून ठेवायची, इंजिन बंद ठेवायचं, आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवायचं. अनेक वेळा. मध्ये तेलाच्या टाकीकडे लक्ष द्यायचं. बुडबुडे येतील, तेल खाली जाईल, वर तेल भरायचं. संपलं. यात अवघड शब्द एकच आहे, सावकाश.

मंगळवारी धाकट्यांनी चार दिवसांची रजा टाकली, गाडीचं पुढचं झाकण उघडलं, आणि लगेच वहिनी बाहेर आल्या. त्यांच्या हातात तपकिरी कागदाचं वेष्टण घातलेली दोनशे पानी वही होती.

"ही तुमची," त्या म्हणाल्या. "झाकण उघडतील तेव्हा द्यायची, आधी द्यायची नाही, असं सांगून ठेवलं होतं."

"कोणी?"

वहिनींनी वही त्यांच्या हातात ठेवली आणि आत गेल्या.

मास्तर मंडळींची एक जुनी रीत आहे. धडा शिकवायला जाण्याआधी ते त्याचं टाचण काढतात. पानावर दोन रकाने आखायचे. डावीकडे शिक्षककृती, म्हणजे गुरुजी काय करतील. उजवीकडे विद्यार्थीकृती, म्हणजे त्यावर पोरं काय करतील. बरेच मास्तर उजवा रकाना 'विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतील' एवढं लिहून उरकतात. थोरले तसे नव्हते. ते उजवा रकाना आधी लिहायचे.

वहीच्या पहिल्या पानावर त्यांचं टपोरं अक्षर होतं.

विषय : गाडी. घटक : स्टिअरिंगमधली हवा काढणे. वर्ग : धाकटा. पटसंख्या : एक. पूर्वज्ञान : नाही. साहित्य : जॅक, दोन स्टँड, तेलाचे दोन डबे, फडकी. संयम विद्यार्थ्याकडे नसल्यास वहिनीकडून आणावा.

"पूर्वज्ञान नाही म्हणे!" धाकटे संतापले. "मेल्यावरसुद्धा माझा अपमान!"

संतापाच्या भरात त्यांनी टाकीचं टोपण काढलं, बाजूला टाकलं, एक पाऊल मागे घेतलं, आणि कडकन आवाज झाला. पायाखाली टोपण होतं. सुदैवाने फुटलं नाही, नुसतं चेपलं. धाकट्यांनी ते खिशात घातलं आणि पुढची ओळ वाचली.

उजव्या रकान्यात लिहिलं होतं, 'विद्यार्थी टोपण जमिनीवर टाकील व त्यावर पाय देईल.' डावीकडे होतं, 'शिक्षक काही बोलणार नाही.'

धाकट्यांनी मागे वळून पाहिलं. अंगणात कोणी नव्हतं. दोरीवर टॉवेल वाळत होता.

जॅक लावून, स्टँड देऊन पुढची चाकं उचलेपर्यंत बारा वाजले. एव्हाना फाटकापाशी सल्लागार येऊन उभे होते. हे शेजारी. एके काळी पाणीपुरवठा खात्यात होते. नळातल्या हवेशी संबंध आल्यामुळे जगातली कुठलीही हवा आपल्याला कळते, अशी त्यांची समजूत होती. सल्लागार हे नाव गल्लीने ठेवलं होतं आणि त्यांना ते पदवीसारखं वाटायचं.

"अहो धाकटे, असं काय गोंजारत बसलात तिला? इंजिन चालू करा आणि झपाझप फिरवा. हवा अशी बाहेर पडेल, की बस!"

धाकट्यांनी वहीत पाहिलं आणि त्यांच्या मानेवरचा घाम गार झाला.

"काय लिहिलंय?" म्हणत सल्लागारांनी वही ओढून घेतली आणि मोठ्याने वाचायला लागले. "'या सुमारास शेजारी येतील. इंजिन चालू करून झपाझप फिरवायला सांगतील. ऐकू नये. तेलाचा फेस होतो. शेजाऱ्यांना पाणी विचारावे.'"

सल्लागारांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"यात माझं नाव आहे?" सल्लागारांनी विचारलं.

"नाव नाही. नुसतं शेजारी आहे."

"म्हणजे मीच की हो." त्यांचा आवाज उतरला होता. "कधी लिहिलंय हे?"

"माहीत नाही. पाणी घेता का?"

"नको," सल्लागार म्हणाले आणि वही परत देऊन फाटकाबाहेर गेले. फाटक लावायला मात्र विसरले नाहीत. उलट बाहेरून कडीही घातली.

धाकट्यांनी मग नियमाप्रमाणे स्टिअरिंग फिरवायला घेतलं. इंजिन बंद, गल्ली दुपारची सामसूम. उजव्या टोकाला नेलं, हात सोडला आणि फडक्यासाठी वाकले. वर पाहतात तो स्टिअरिंग फिरत होतं. हलकेच, विचार करत करत, आपलं आपण डावीकडे. कोणीतरी पलीकडच्या बाजूने हात लांब करून ते सरळ करून ठेवावं तसं.

धाकटे दार उघडून बाहेर कसे आले ते त्यांना आजही सांगता येत नाही. ते आले आणि थेट वरच्या मजल्यावर आपल्या घरात जाऊन बसले.

"अहो, चेहरा असा का?" बायकोने विचारलं.

"वाचून दाखव," वही पुढे करत ते म्हणाले. "माझा चष्मा खाली राहिला."

चष्मा त्यांच्या डोळ्यांवर होता. बायकोने तो पाहिला, नवऱ्याकडे पाहिलं आणि मोठ्याने वाचलं, "'स्टिअरिंग आपोआप मागे फिरेल. विद्यार्थी घाबरून घरी जाईल. शिक्षक हसणार नाही. आत दबलेली हवा ढकलते, एवढंच. पिचकारी आठवावी. तासिका पहिली समाप्त.'"

"बघ! पिचकारी!" धाकटे म्हणाले. "मी काय घाबरलो होतो का?"

"छे हो," बायको म्हणाली. "तुम्ही तासिका संपली म्हणून आलात."

त्या दिवशी धाकट्यांनी ठरवलं की आता वही उघडायचीच नाही. माणसाला काही स्वाभिमान असतो. आपण काय करणार ते आपल्या आधी दुसऱ्याने लिहून ठेवायचं, आणि आपण शहाण्यासारखं तेच करायचं, म्हणजे मग आपण कशाला? बुधवारी त्यांनी वही पायरीवर पालथी ठेवली आणि काम आपल्या मनाने सुरू केलं. आपल्या मनाने म्हणजे सल्लागारांच्या पद्धतीने. इंजिन चालू केलं आणि झपाझप फिरवलं.

गाडी अशी कण्हली, की घरातल्या वहिनी दोन्ही हातांनी कान झाकून आतल्या खोलीत गेल्या. ते उठण्याचं कण्हणं नव्हतं. ते दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्यातलं कण्हणं होतं. धाकट्यांनीही ते ओळखलं. त्यांनी चावी फिरवली, खाली उडी मारली आणि टाकीत डोकावले. तांबडं तेल दुधासारखं झालं होतं आणि त्याचा फेस काठावरून ओघळत होता. तो पुसायला ते धावले तेव्हा बादलीला पाय लागला. बादली आडवी झाली, आतलं साबणाचं पाणी सगळ्या अंगणभर, आणि त्यात धाकटे बसले. मुद्दाम नव्हे.

बसल्या जागेवरून हात पोचेल अशा ठिकाणी पायरी होती आणि पायरीवर वही होती. ती आता पालथी नव्हती. वाऱ्याने उलटली असेल. वारा नव्हता, पण असेल.

'विद्यार्थी वही मिटून आपल्या मनाने करील. करू द्यावे. इंजिन बंद करताच पिवळी बादली लाथाडील. एक दिवस थांबावे, म्हणजे फेस आपोआप बसतो. घाईने कोणाचाही फेस बसत नाही. तासिका दुसरी समाप्त.'

वहिनी फडकं घेऊन बाहेर आल्या. धाकट्यांनी ओल्या हाताने वही त्यांच्यापुढे धरली.

"वहिनी, हे कधी लिहिलं दादाने?"

"दवाखान्यात," वहिनी म्हणाल्या. "उशीला टेकून लिहायचे. मला वाटलं, शाळेचं काही राहिलं असेल. एकदा हसताना दिसले म्हणून विचारलं, तर म्हणाले, धाकट्याचा उजवा रकाना लिहितोय, फार मजा येते." त्यांनी ओळीवरून बोट फिरवलं. "पोरगं काय करणार ते आधी कळलं पाहिजे, मग काय शिकवायचं ते कळतं, असं म्हणायचे. तुम्हाला तर त्यांनी जन्मल्यापासून पाहिलेलं. त्यांना कळणारच."

धाकट्यांचा जीव जरा भांड्यात पडला. खरंच की. अठ्ठावन्न वर्षांची ओळख, त्यात भुताटकी कसली?

वहिनींचं बोट मात्र एका शब्दावर थांबलं होतं.

"भावजी," त्या हळूच म्हणाल्या, "ही पिवळी बादली तर आपण गेल्या महिन्यात आणली."

दोघांनी बादलीकडे पाहिलं. ती आडवी पडल्या पडल्या अजून हलत होती.

रात्रभर थांबणं हा काय प्रकार असतो ते धाकट्यांना त्या दिवशी कळलं. गुरुवारी सकाळी तेल पुन्हा स्वच्छ तांबडं झालं होतं. आपण न केलेलं काम एवढं चांगलं झालेलं पाहून त्यांना थोडं वाईटच वाटलं. हातात वही होती आणि शेवटी काय लिहिलंय ते पाहायचा मोह अनावर झाला होता. शाळेत असताना ते गणिताचं उत्तर आधी पुस्तकाच्या मागे पाहून घेत. त्यांनी शेवटचं पान उघडलं.

'मागून वाचू नये. पान बारावर जा.'

ते निमूट पान बारावर गेले.

डावीकडे लिहिलं होतं, 'शिक्षक शेजारच्या आसनावर बसेल व मोजेल. बोलणार नाही.' उजवीकडे लिहिलं होतं, 'विद्यार्थी सावकाश चाळीस वेळा फिरवील. मोजणे त्याला जमणार नाही. त्याची काळजी करू नये.'

शेजारच्या आसनावर अर्थातच कोणी नव्हतं. तिकडचं दार कित्येक वर्षं आतून एकट्या थोरल्यांनाच उघडता यायचं. कडी वर उचलून, दाराला खांद्याने एक हलका धक्का देऊन. बाकी कोणी कितीही खटपट केली तरी ते हलायचं नाही. आसनाच्या स्प्रिंगा जुन्या, कोणी बसलं की कुरकुरायच्या.

धाकट्यांनी स्टिअरिंग डाव्या टोकाला नेलं, मग उजव्या. एक. सावकाश. खाली उतरून बुडबुडे पाहिले, तेल घातलं, पुन्हा वर. दोन. तीन. तेराला त्यांना शिंक आली आणि आकडा गेला. तेरा की चौदा? मान तिरकी करून ते आठवत राहिले आणि हात आपला फिरवत राहिला. तेवढ्यात त्यांच्या कानावर एक बारीक आवाज आला.

कुर्र.

त्यांनी शेजारी पाहिलं नाही. पुन्हा टोकाला नेलं. कुर्र. पुन्हा आणलं. कुर्र. दर फेरीला एकदा, पूर्ण फेरी झाली की. गाडी स्टँडवर आहे, हलते, स्प्रिंग वाजणारच, धाकट्यांनी स्वतःला समजावलं. विमा कंपनीत तीस वर्षं त्यांनी लोकांच्या याहून पातळ खुलाशांवर नामंजूर असा शिक्का मारला होता. पण हाताला मात्र लय सापडली होती. घाई करावीशी वाटत नव्हती. उन्हाचा तुकडा काचेवरून सरकत होता, टाकीत बुडबुडे एकेक करून येत होते, मग दोन-दोन फेऱ्यांनी, मग कधीतरी एखादा. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्यांच्याशेजारी बसलं होतं, किंवा बसलं नव्हतं, आणि 'जमायचं नाही' म्हणत नव्हतं.

मग एका फेरीला कुर्र झालंच नाही. धाकट्यांनी मुद्दाम आणखी एक फेरी मारून पाहिली. शांत. टाकीत तेल आरशासारखं होतं, आणि त्यात फक्त त्यांचा एकट्याचा चेहरा दिसत होता. त्यांनी दोनदा खात्री करून घेतली.

इंजिन सुरू केलं. गाडी कण्हली नाही.

खिडकीत वहिनी उभ्या होत्या. त्या आवाजाची वाट पाहत होत्या असं धाकट्यांना वाटलं, आणि क्षणभर त्यांना आपण काहीतरी चोरल्यासारखं झालं. पण वहिनींनी मान डोलावली आणि आत जाऊन चहा ठेवला.

शुक्रवारी तपासणीच्या आवारात आठ गाड्यांची रांग होती. खिडकीमागच्या बाईंनी कागद उलटसुलट केले. "मालकांनी समक्ष यायला हवं."

"ते नाहीत."

"नाहीत म्हणजे बाहेरगावी आहेत?"

"नाहीत म्हणजे, नाहीत हो."

"मग त्यांचं नाहीत असल्याचं पत्र?"

ते पत्र होतं, वहिनींच्या सहीचं संमतिपत्र होतं, त्याची प्रत होती, प्रतीची प्रत होती. विमा कंपनीचा माणूस होता तो, कागदात हरणार नव्हता. बाईंनी नाइलाजाने शिक्का मारला.

तपासनीस तरुण, गंभीर आणि फार बारकाईने पाहणारा होता. जमिनीवर आखलेल्या पट्ट्यापलीकडे उभं राहून त्याने धाकट्यांना पुढे घ्या, मागे घ्या, पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, अशा खुणा केल्या. कान लावून ऐकलं. "आवाज नाही," म्हणाला. "या जुन्या गाड्यांचा हमखास असतो. कोणी काढली हवा?"

"मी," धाकटे म्हणाले, आणि त्यांची छाती दोन बोटं वर आली.

तपासनीसाने कागद भरून हातात ठेवला. शेरा, उत्तीर्ण. धाकट्यांनी दोनदा वाचला आणि मग त्यांची नजर खालच्या ओळीवर गेली. 'तपासणीसमयी वाहनातील इसम : दोन.'

"साहेब, मी एकटाच होतो."

"मी मोजून लिहितो," तपासनीस दुखावला.

"पण मी खरंच..."

"हे पाहा, शाईने लिहिलंय. खाडाखोड केली की कागद रद्द होतो, आणि पुढची तारीख दोन महिन्यांनंतरची. करू?"

धाकट्यांनी एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा गाडीकडे. "दोनच होतो आम्ही," ते म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी गाडी अंगणातल्या झाडाच्या गर्द सावलीत लावली, वही काढली आणि शेवटून दुसरं पान उघडलं. आता अधिकार होता त्यांचा.

'मूल्यमापन,' वर लिहिलं होतं. उजव्या रकान्यात एकच ओळ होती. 'विद्यार्थी विचारील, जमलं का?' तिच्यासमोरचा डावा रकाना कोरा होता. खाली, पानाच्या टोकाशी, अक्षर अगदी थरथरतं झालं होतं. 'शिक्षक उतरेल. स्वाध्याय : वहिनीला फिरवून आणणे.'

धाकटे त्या कोऱ्या रकान्याकडे बराच वेळ पाहत राहिले. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाने रिकाम्या गाडीत बसून प्रश्न विचारणं बरं दिसत नाही. फाटकाबाहेर सल्लागार तर नाहीत ना, हे त्यांनी आधी पाहिलं. मग घसा खाकरला आणि तोंडातल्या तोंडात विचारलं, "जमलं का रे दादा?"

काही नाही. पान हललं नाही, काच वाजली नाही. गाडीही कण्हली नाही. तिची हवा तर त्यांनीच काढली होती.

मग शेजारच्या दाराची कडी वर उचलली गेली. एक हलका धक्का बसला आणि दार बाहेरच्या बाजूला सावकाश उघडलं. आसन कुर्रर्र करून वर आलं.

वहिनी पायरीवरूनच ओरडल्या, "अगंबाई! ते दार उघडलंत? जमलं की हो भावजी तुम्हाला! ह्यांच्याशिवाय आजवर कोणाला नाही जमलं!"

 धाकट्यांनी मान हलवली आणि चष्मा पुसायला घेतला. वहिनी पदर सावरत आल्या, पायदानावर पाय ठेवून वर चढल्या, टेकल्या आणि आसनावर हात ठेवून थबकल्या.

"हे तापलंय कशानं?"

"उन्हानं," धाकटे म्हणाले, आणि सावलीतून गाडी बाहेर काढायला त्यांनी स्टिअरिंग सावकाश वळवलं.